लाल शाईची दुरुस्ती

मागच्या महिन्यात मुंबईचा एक तरुण आर्किटेक्ट धारला माझ्या घरी आला होता. हातात नकाशांची पत्र्याची नळी, बोलण्यात आदब. चहा पिता पिता त्यानं अगदी निरागसपणे विचारलं, "काका, तुमच्या वेळी या भागात आर्किटेक्ट होते का हो?"

"छे! इमारती आपोआप उगवायच्या," मी म्हणालो.

बिचारा ओशाळला. मग मलाच वाईट वाटलं आणि त्याच्यासाठी आणखी एक कप चहा मागवला. आमच्या हुद्द्याला ओव्हरसियर म्हणत. जागा मोजायची, नकाशा काढायचा, चुना मळला जात असताना उन्हात उभं राहायचं आणि भिंत वाकडी झाली तर बोलणीही आपणच खायची, असा तो एकहाती कारभार होता. धार आणि देवास या दोन गावांत मी तीस वर्षं हेच केलं. माझी एकही इमारत पडलेली नाही. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही. या वयात विनय दाखवायला वेळ कुणाकडे आहे?

तो मुलगा आला होता मुलींच्या शाळेच्या कामासाठी. शाळेचं खालचं मोठं दालन जुनं आहे, त्यावर त्याला सिमेंट काँक्रीटचा मजला चढवायचा आहे. ते दालन मी बांधलं असं गावात म्हणतात. त्याला भिंतींची जाडी हवी होती आणि जुना नकाशा पाहायचा होता. नकाशा माझ्या कपाटात होता. तो काढायला मी उठलो खरा, पण कपाटाची किल्ली हातात घेऊन बराच वेळ तसाच उभा राहिलो. तो नकाशा मी कितीतरी वर्षांत उघडला नव्हता. का, ते सांगण्यासाठीच संपादकांकडून ही पानं मागून घेतली आहेत.

शतक नुकतंच पालटलं होतं. मी पुण्याहून ड्रॉइंग शिकून धारला परतलो आणि दरबारच्या बांधकाम खात्यात लागलो. वय चोवीस. बाहेरच्या माणसाला वाटतं, आधी नकाशा होतो आणि मग घर. माळव्यात तोवर कागदाचं नावच नव्हतं. मालक सांगे, "चार खण हवेत, मध्ये चौक हवा, आणि माजघरात पंगतीला पंचवीस पानं बसली पाहिजेत." मिस्त्री कमरेची सुतळी काढी, जागेवरून दोन फेऱ्या मारी, आणि सुतळीला गाठी देत जाई. ही गाठ स्वयंपाकघर संपलं त्याची, ही चौकाची, ही जिन्याची. अख्खं घर त्या दोरीत असे आणि काम होईपर्यंत ती दोरी मिस्त्रीच्या कमरेला असे. मला तेव्हा हे फार अडाणीपणाचं वाटे.

आमच्या कामावर भेरूलाल सिलावट नावाचा मिस्त्री होता. सिलावट म्हणजे दगड घडवणारे. त्याच्या वाडवडिलांनी मांडूच्या पडक्या महालांची डागडुजी केलेली. पन्नाशीचा, काटक, एका कानात चांदीची बाळी. सरळ भिंत बांधायला तो नाक मुरडायचा. कमान दिली की खुलायचा. कमान लाकडी सांगाड्यावर रचतात. त्या सांगाड्याला कालबूत म्हणतात. चुना धरला की कालबूत काढून घ्यायचं, आणि मग कमान आपली आपण उभी राहते, किंवा राहत नाही. भेरूच्या घराण्यात अशी रीत होती की कालबूत निघताना बांधणाऱ्यानं कमानीखाली उभं राहायचं. तो हाताची घडी घालून बरोबर मधल्या दगडाखाली उभा राही. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा डोळे मिटून घेतले होते.

त्याच सुमारास सगळं बदलायला लागलं. मंगलोरी कौलं आली, नळाच्या तोट्या आल्या, आणि लोखंडी गर्डर आले. गर्डर म्हणजे लोखंडाची तुळई. कमानीला महिना लागतो, गर्डर दोन भिंतींवर टाकला की एका दिवसात छताची तयारी. मला तर वेडच लागलं. मुलींच्या शाळेच्या दालनाला गर्डरच घालायचे असं मी इंजिनिअरसाहेबांना पटवलं. साहेब दक्षिणेतून आलेले मराठी गृहस्थ, शिस्तीचे कडक, पण नवं काही करायचं म्हटलं की त्यांचा चेहरा उजळे. एवढ्यावर मी थांबलो नाही. उत्साहाच्या भरात एक टिपणही लिहून दिलं: यापुढे कमानी होणार नाहीत, सबब हे काम संपताच कमान-मिस्त्रीची कायम जागा ठेवण्याचं प्रयोजन दिसत नाही. चोविसाव्या वर्षी पुढं काय होणार हे मला पक्कं ठाऊक होतं. तितकं ते पुढं कधीच ठाऊक झालं नाही.

दालनाची रुंदी भेरूनं दोरीनं मोजून दिली. मी ती फुटांत उतरवली: अठरा फूट. तोच आकडा नकाशात गर्डरच्या लांबीपुढे लिहिला, तोच गर्डरच्या मागणीत. दहा गर्डर, प्रत्येकी अठरा फूट.

जाणकार वाचक आता हसले असतील. इतरांसाठी सांगतो. सिलावट खोलीची पोकळी मोजतात, भिंतीच्या आतल्या बाजूपासून समोरच्या भिंतीच्या आतल्या बाजूपर्यंत. माणसं भिंतीत राहत नाहीत, पोकळीत राहतात, असा त्यांचा सरळ हिशेब. कमानीला तेवढं माप पुरतं. पण तुळईचं टोक दोन्हीकडे निदान फूटभर तरी भिंतीवर टेकावं लागतं. म्हणजे मागवायला हवे होते वीस फुटी. हे मला पुण्यात शिकवलं होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. दोरी काय मोजते हे विचारण्याची मात्र मला गरज वाटली नाही.

गर्डर रेल्वेनं महूपर्यंत आले, तिथून बैलगाड्यांनी धारला. निम्मं गाव बघायला लोटलं होतं. कप्पी लावून पहिला गर्डर वर चढवला, दोरखंड सैल सोडले, आणि तो दोन भिंतींच्या मधून अलगद खाली उतरला, पाळण्यात बाळ ठेवावं तसा. ना या बाजूला टेकला, ना त्या. गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

भेरूनं वर पाहिलं, खाली पाहिलं. "भाऊसाब, लोहो तो बढ़िया हे," तो म्हणाला, "पण टिकेगो कां?" टेकणार कुठं, असं तो विचारत होता.

आमच्या खात्यात एक नियम होता. नकाशातली चूक खोडायची नाही, पात्यानं खरवडायची तर नाहीच. शेजारी लाल शाईनं बरोबर मजकूर लिहायचा, खाली सही करायची आणि पुढे कारण लिहायचं. मी त्या दुपारी टेबलाशी बसलो, अठराच्या शेजारी लाल शाईनं वीस लिहिलं, सही केली, आणि कारणाच्या जागी लिहिलं: माप घेताना गफलत झाली.

खोटं नव्हतं. पण माप कुणी घेतलं होतं हे सगळ्या खात्याला ठाऊक होतं. साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मिस्त्रीची गफलत. तुमचं टिपण आहेच माझ्याकडे. काम संपायची वाट कशाला पाहायची? त्याला आजच मोकळा करा."

तिथंच बोलायला हवं होतं. मी एवढंच म्हणालो, "आठ दिवस द्या साहेब. काही मार्ग निघतो का पाहतो."

घरी आलो आणि न जेवताच ताटावरून उठलो. आमची मंडळी म्हणाली, "गर्डर आखूड पडले म्हणून पोळीनं काय पाप केलंय? चूक झाली असेल तर सांगून टाका ना साहेबांना. खाणार थोडेच आहेत तुम्हाला!" तिला सगळं सांगितलं होतं, फक्त मिस्त्रीबद्दल साहेब काय म्हणाले ते सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेलो तर भेरू भिंतीच्या माथ्यावर बसून वरच्या तीन थरांचे दगड सैल करत होता. मला पाहून खाली उतरला. मातीत काडीनं भिंत काढून दाखवली. प्रत्येक गर्डरच्या जागी भिंतीत लांब दगड घालायचे, एकावर एक दोन. शेपूट भिंतीच्या पूर्ण जाडीत दाबलेलं, त्यावर पुन्हा भिंतीचं वजन, आणि तोंड आत दालनात फूटभर पुढे आलेलं. गर्डर त्या तोंडांवर ठेवायचा. मांडूच्या महालांत छज्जे असेच दगडी टोड्यांवर तोललेले आहेत. शेकडो वर्षं झाली, हललेले नाहीत. दोन्हीकडे फूटभर टोडा पुढे आला की मधलं अंतर सोळा फूट, आणि अठरा फुटी लोखंडाला दोन्हीकडे फूट-फूट टेकू.

मी पाहतच राहिलो. इतकं सोपं, आणि पुस्तकात कुठंच नाही.

"टोडा तो हूँ लगई दूँगो," भेरू म्हणाला. "पण एक बात हे, भाऊसाब. सुण्यो हे के म्हारी जगा जाय री हे. कमान तो अब गई, म्हने दिखे हे. म्हने कागद बाँचणो सिखाओ."

पन्नास वर्षांचा तो माणूस, ज्याच्या हाताखालून निघालेल्या कमानी अर्ध्या संस्थानात उभ्या होत्या, माझ्यासारख्या पोरसवदा माणसाला म्हणत होता, मला कागद वाचायला शिकवा. ती विनवणी नव्हती. नवी करवत विकत घ्यावी इतक्या व्यवहारानं तो बोलत होता. मी टिपणात ज्या बदलाची बढाई मारली होती, तो त्याला माझ्याआधी दिसला होता, आणि त्यात स्वतःला कुठं बसवायचं हेही त्यानं ठरवून ठेवलं होतं. मला माझीच लाज वाटली.

सात दिवस आम्ही झपाटल्यासारखं काम केलं. दिवसा टोडे बसत, रात्री मी त्यांचा छेद त्याच नकाशात भरत असे. दुपारच्या सुट्टीत तो माझ्या टेबलापाशी उकिडवा बसे आणि मी त्याला शिकवत असे: ही वरून पाहिलेली खोली, ही समोरून पाहिलेली भिंत, हा इंच म्हणजे चार फूट. चार फूट एका इंचात मावतात यावर तो पहिल्या दिवशी खूप हसला. तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्या नकाशातली एक खिडकी दाराच्या फळीला आपटते हे दाखवून दिलं. तेव्हा मी हसलो नाही.

आठव्या दिवशी गर्डर बसले. वर फरशी टाकली आणि भार देऊन पाहायला वाळूची पोती आणून ठेवली. साहेब आले. भेरू नेहमीसारखा जाऊन दालनाच्या मधोमध उभा राहिला, हाताची घडी घालून. मग दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे वळून म्हणाला, "नकाशो आपको हे नी, भाऊसाब? आप भी हेटे आवो."

मी गेलो. हेटे म्हणजे खाली, थेट गर्डरांखाली जाऊन उभा राहिलो. वर गडी पोती रचत होते, चुन्याची भुकटी डोक्यावर पडत होती, आणि भेरू माझ्या शेजारी शांतपणे वर बघत होता. शेवटचं पोतं पडलं. टोडे जागचे हलले नाहीत. आयुष्यात मी पुष्कळ इमारती पुऱ्या केल्या, पण ऊर इतका भरून आला तो त्या एकाच दिवशी.

साहेब आत आले. टोड्यांवरून हात फिरवला. नुसता टेकू नव्हता तो, भेरूनं प्रत्येक तोंडाला कमळाची पाकळी कोरली होती. "वा! फारच सुरेख. कल्पना कुणाची?"

मी म्हणालो, "नकाशा माझा आहे, साहेब."

साहेबांनी पाठ थोपटली. भेरू चार पावलांवर अंग झटकत होता. आयुष्यभर मराठी अंमलदारांच्या हाताखाली काम केलेला माणूस, त्याला मराठी न समजण्याचा प्रश्नच नव्हता. तो आपली हत्यारं गोळा करायला लागला.

टिपण मी परत घेतलं, हे माझ्या बाजूनं सांगतो. मिस्त्रीची जागा कायम असावी असं त्याच कागदावर लाल शाईनं लिहिलं. साहेब खुशीत होते, त्यांनी कारणही विचारलं नाही. भेरूची जागा राहिली. मला वाटलं, फिटलं.

पंधरा दिवसांनी त्याच्या शिकवणीत तो नकाशा समोर आला. त्याला आता अक्षरं लावता येत होती. त्यानं विचारलं, "नकाशा में नाम कां लिखे, भाऊसाब?" मी खालचा उजवा कोपरा दाखवला. तिथं माझं नाव होतं, वळणदार अक्षरात. मग त्याचं बोट हळूहळू वर सरकलं, अठराच्या शेजारच्या लाल शाईपाशी थांबलं. तो ओठ हलवत एकेक अक्षर जुळवत होता. मा-प घे-ता-ना... मी उठून खिडकीपाशी गेलो. परत आलो तेव्हा त्यानं नकाशा नीट गुंडाळून दोऱ्यानं बांधून ठेवला होता. दोऱ्याला त्याची ती सिलावटी गाठ होती.

मी तो दोरा पुन्हा सोडला नाही. इमारत झालेली, नकाशाची गरज कुणाला नव्हती, तो माझ्याच कपाटात राहिला.

त्यानंतरची वीस वर्षं आम्ही दोघांनी जोडीनं काम केलं. देवासला तर जोडीचं नावच झालं. एका गावात दोन दरबार, थोरली पाती आणि धाकटी पाती, रस्त्याच्या या बाजूला एकाचा अंमल, त्या बाजूला दुसऱ्याचा. तिथल्या एका सरदारांनी नव्या पद्धतीचा बंगला मागितला. मी मोठ्या हौसेनं नकाशा काढला: पुढे बैठक, मागे स्वयंपाकघर, मोटारीसाठी कमानदार पोर्च, सगळं मासिकात असतं तसं. सरदार खूश. त्यांच्या वयोवृद्ध काकीसाहेब मात्र कागद उलटासुलटा करून म्हणाल्या, "यात मला काही दिसत नाही बाई."

भेरूनं दोरी काढली. मोकळ्या जागेवर चुन्याच्या फक्कीनं अख्खा बंगला खऱ्या मापानं आखला आणि म्हणाला, "काकीसाब, चाली ने देखो." काकीसाहेब पदर खोचून फक्कीच्या रेघांमधून चालायला लागल्या. स्वयंपाकघरातून निघाल्या आणि मध्येच थांबल्या. "अहो ओव्हरसियर, मी सोवळ्यात नैवेद्य घेऊन देवघरात जायचं ते पुरुषांच्या बैठकीतून? तुमच्या आईला असं चालवाल का?"

माझा मासिकातला बंगला तिथंच कोसळला. नवा नकाशा मी त्या रेघांवर उभं राहून काढला. त्या दिवसापासून माझ्या कामाची पद्धत ठरली: आधी कागद, मग फक्की, मग घरातल्या बायकांना चालायला लावायचं, मग पुन्हा कागद. विजेच्या तारा आल्या, न्हाणीघरं घरात आली, मोटारी आल्या, शेवटी सिमेंट आलं. दर वेळी कुणीतरी म्हणे, आता जुन्यांचं काही खरं नाही. आम्हाला त्याची भीती वाटली नाही. नवी वस्तू आली की भेरू आधी तिच्याभोवती फिरे, ठोकून पाही, आणि मग म्हणे, "सिखाओ." सिमेंटचं पहिलं पोतं आलं तेव्हा त्यानं चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिलं होतं. नकाशा तो पुढं माझ्यापेक्षा चांगला वाचू लागला. माझ्या एका जिन्याला डोक्यावर पुरेशी उंची नव्हती, तर म्हणाला, "भाऊसाब, यो जिनो चढ़े तो आदमी माथो हेटे छोड़ी ने जावे."

या सगळ्या काळात त्यानं शाळेचा विषय कधी काढला नाही. मीही नाही. सांगायला रोज सवड होती. तो गेला तेव्हा मी देवासला होतो. धारला पोहोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. त्याच्या सुनेनं मला एक सुतळी दिली, गाठी मारलेली. कुठल्या घराची ते मला ओळखता आलं नाही.

तर आता त्या मुंबईच्या मुलाकडे येतो. मी कपाट उघडलं, गुंडाळी काढली. दोऱ्याची गाठ सुटेना. तो म्हणाला, "कापू का?" मी म्हटलं, "हात लावू नकोस." नखानं हळूहळू सोडवली. नकाशा पसरला. तो कितीतरी वेळ टोड्यांचा छेद पाहत राहिला. "काका, हे अफाट आहे. यावर माझा मजला आरामात उभा राहील. इतक्या जुन्या काळी तुम्हाला हे सुचलं कसं?"

पुन्हा साहेबांचाच प्रश्न. या वेळी मी त्याला सगळं सांगितलं, जसं तुम्हाला सांगितलं तसंच. तो ऐकत होता आणि माझ्या नावाकडे बघत होता.

मी टेबलाच्या खणातून लाल शाईची दौत काढली. शाई घट्ट झाली होती, चार थेंब पाणी घातलं. टाक बुडवला तेव्हा तो दचकला. "काका, मूळ प्रत आहे ही. हिच्यावर आता लिहिता येत नाही."

"दुरुस्ती लिहिता येते," मी म्हणालो. "आमच्या खात्याचा नियम आहे. लाल शाई, सही आणि कारण."

अक्षर पूर्वीसारखं वळणदार आलं नाही. माझ्या नावाशेजारी लिहिलं: टोड्यांची कल्पना व काम, भेरूलाल सिलावट, राहणार धार. खाली सही केली. मग वर अठरापाशी गेलो, त्या जुन्या लाल ओळीच्या पुढं, आणि कारण लिहिलं: दोरी बरोबर होती. चूक माझी.